भिंतीवर कोणाला काढायचं? आमच्या क्रीडामंडळाच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीची सर्व मंडळी,

विषय : कोर्टाच्या भिंतीवरचं चित्र आणि त्यासाठी चाललेलं मतदान.

सप्रेम नमस्कार.

बोर्डामागची भिंत रंगवून तिच्यावर जगातला सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटू काढायचं ठरवलंत, चांगलं केलंत. आजवर त्या भिंतीवर ‘येथे कचरा टाकू नये’ आणि पडलेल्या उमेदवारांची नावं याखेरीज वाचण्याजोगं काही नव्हतं. पण मग तुम्ही फलकावर तो कागद लावलात. दोन रकाने. एकाच्या डोक्यावर मायकेल जॉर्डन, दुसऱ्याच्या डोक्यावर लेब्रॉन जेम्स, आणि खाली सदस्यांनी एकेक रेघ मारायची. त्या दिवसापासून कोर्टावर वॉर्मअप कमी आणि वादावादी जास्त. चाळिशीपुढचे झाडून सगळे जॉर्डनवाले, पंचविशीच्या आतले बहुतेक लेब्रॉनवाले. चौदा वर्षांखालच्या पोरांनी तिसरा रकाना आखून त्यात स्टेफ करीला घुसवलं, तर त्यांना दम भरण्यात आला. मला तर त्या पोरांचंच बरोबर वाटलं. नाव कोणतं घातलं ते सोडा, निदान रकाने दोनच का, हा प्रश्न त्यांना पडला.

माझी तक्रारही तीच आहे.

मी कोण हे तुम्हाला ठाऊक आहे, पण पत्र खुलं आहे म्हणून सांगते. मी टेबलावरची बाई. कॉलेजात असताना खेळायचे, गुडघा गेला तशी टेबलावर बसले, आणि आता दादर-माटुंग्यापासून नागपाड्यापर्यंत जिथे बोलावतील तिथे स्कोअरशीट भरते. बास्केट झाला की धावत्या गुणांच्या रकान्यात तिरकी रेघ, फ्री थ्रो असला तर भरीव ठिपका, तीन गुणांचा असला तर खेळाडूच्या नंबराभोवती गोल. फाउल झाला की नावापुढे ‘पी’. टाइमआउट. एवढंच. आपल्या शीटवर रिबाऊंडला (हुकलेल्या शॉटचा चेंडू धरणं) रकाना नाही, असिस्टला (बास्केट करून देणारा पास) नाही, ब्लॉकला (समोरच्याचा शॉट हवेतच अडवणं) नाही. पंचांची सही झाली की त्या कागदावर जे आहे ते घडलं, जे नाही ते घडलंच नाही. एखादी मुलगी चाळीस मिनिटं समोरच्या टीमच्या सगळ्यात भारी शूटरला चेंडूच मिळू देत नाही, आणि शीटवर तिच्या नावापुढे शून्य गुण, चार फाउल. घरी गेल्यावर आई विचारते, किती केलेस? या प्रश्नाला ती काय उत्तर देणार?

तर या बाजूने मी तुमच्या मतदानाकडे बघते आहे.

जॉर्डनवाल्यांचं आधी घेते, कारण वयाने मी त्यांच्यातलीच. नव्वदच्या दशकात घरात केबल आली, फॅशन स्ट्रीटवर शिकागो बुल्सच्या टोप्या आणि २३ नंबरच्या जर्स्या लटकू लागल्या, तेव्हा आमच्या लेखी बास्केटबॉल म्हणजे जॉर्डन. हिशेब तोंडपाठ आहे. १९९१ ते १९९३ सलग तीन विजेतेपदं, मध्ये जाऊन बेसबॉल खेळून आला, परत १९९६ ते १९९८ सलग तीन. अंतिम फेरी सहा वेळा, जिंकली सहाही वेळा, आणि सहाही वेळा तिथला सर्वोत्तम खेळाडू तोच. दहा मोसम एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, गुणांची सरासरी सर्वांत जास्त. १९९८ साली अंतिम फेरीत युटाविरुद्धच्या मालिकेतल्या सहाव्या सामन्यात आधी त्याने कार्ल मलोनच्या हातातून चेंडू काढून घेतला, मग स्वतःच दुसऱ्या टोकाला जाऊन शॉट मारला, घड्याळात ५.२ सेकंद उरले होते. हे ज्याने जागून पाहिलं तो दुसऱ्या कोणाला रेघ मारेल अशी आशाच नको.

तरी एक खडा टाकते. १९८७-८८ च्या मोसमात जॉर्डन लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्या वर्षी त्याच्या नावावर २५९ स्टील (समोरच्याकडून हिसकावलेले चेंडू) लागले. त्यातले १६५ घरच्या कोर्टावर आणि ९४ बाहेर. नोंदी ठेवणारी माणसं यजमान संघाची असत. जॉर्डनचा डिफेन्स खोटा होता असं मी अजिबात म्हणत नाही, तो मी डोळ्यांनी पाहिलाय. पण चेंडू नेमका कोणाच्या बोटाला लागून सुटला हे टेबलावरचाच कोणीतरी ठरवतो, आणि आपल्या पोराच्या खात्यात एखादं जास्त लिहायची खोड काही फक्त मुंबईतच नाही.

आता लेब्रॉनवाले. २००३ साली शाळेतून थेट लीगमध्ये आलेला मुलगा चाळिशी ओलांडल्यावरही कोर्टावर उतरतो, हे एकच वाक्य त्यांना पुरतं. करीम अब्दुल-जब्बार १९८४ पासून सर्वाधिक गुणांच्या यादीत अव्वल होता, ३८,३८७ वर थांबला होता. ७ फेब्रुवारी २०२३ ला लेब्रॉनने त्याला मागे टाकलं आणि पुढच्या वर्षी ४०,००० ओलांडले; तिथवर पोचलेला तो पहिलाच. २०१६ ची अंतिम फेरी तर त्यांचं ब्रह्मास्त्र. समोर त्या मोसमात ७३ सामने जिंकलेला गोल्डन स्टेटचा संघ, मालिकेत १-३ अशी पिछाडी, आणि तिथून लेब्रॉनचं क्लीव्हलँड जिंकलं. दोन्ही संघ धरून गुण, रिबाऊंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, पाचही बाबतींत लेब्रॉन पहिला. जॉर्डनवाले यावर लगेच म्हणतात, दहा अंतिम फेऱ्यांत सहा हरला ना! जणू अंतिम फेरीत हरण्यापेक्षा त्याआधीच गाशा गुंडाळून घरी जाणं मानाचं. हा युक्तिवाद मला कधीच पटला नाही, आणि तो करणारे आपले सचिवसाहेब असले तरी पटत नाही.

मुद्दा असा की दोन्ही बाजू आपापली मोजपट्टी घेऊन आल्या आहेत आणि ती दुसऱ्याच कोणाला लागू पडते हे कोणी बोलत नाही. विजेतेपदं मोजायची? बोस्टनच्या बिल रसेलची अकरा. मोसमातला सर्वोत्तम खेळाडू हा किताब? करीमला तो सहा वेळा मिळाला, जॉर्डनला पाच, लेब्रॉनला चार. (करीम कॉलेजात असताना तिथल्या खेळात डंकवरच (उडी मारून चेंडू थेट रिंगमध्ये कोंबणं) बंदी आली आणि ती १९७६ पर्यंत राहिली. त्याच्यामुळेच आली, असं सगळे मानतात. एका माणसाला आवरायला नियम बदलावा लागला, हे मोठेपणाचं माप धरायला माझी हरकत नाही.) एका रात्रीचा पराक्रम मोजायचा तर विल्ट चेंबरलेन.

चेंबरलेनवर जरा थांबते, कारण त्याची गोष्ट कागदाची आहे. २ मार्च १९६२, पेनसिल्व्हेनियातलं हर्शी नावाचं चॉकलेटच्या कारखान्याचं गाव. फिलाडेल्फिया वॉरियर्स विरुद्ध न्यूयॉर्क निक्स. त्या रात्री चेंबरलेनने एकट्याने १०० गुण केले. सामना टीव्हीवर नव्हता, त्याचं चित्रीकरण नाही. रेडिओवरच्या वर्णनाचा शेवटचा भाग तेवढा उरलाय. बाकी सगळा पुरावा म्हणजे टेबलावर लिहिलेली शीट: ३६ बास्केट, ३२ पैकी २८ फ्री थ्रो. सामन्यानंतर संघाचे आकडे सांभाळणाऱ्या हार्वी पोलॅकने एका साध्या कागदावर ‘१००’ लिहून चेंबरलेनच्या हातात दिला आणि फोटो काढला गेला. साठहून अधिक वर्षं जग त्या कागदावर विश्वास ठेवून आहे. टेबलावरच्या माणसाची एवढी इज्जत दुसरीकडे कुठे झालेली मला माहीत नाही.

आणि आता गंमत बघा. त्या अख्ख्या मोसमात चेंबरलेनची सरासरी होती सामन्यामागे ५०.४ गुण. पन्नास! असा मोसम ना आधी कोणाचा झाला ना नंतर. त्या काळी मोसमातला सर्वोत्तम खेळाडू खेळाडूच मतदान करून निवडत, पत्रकार नव्हे. त्यांनी कोणाला निवडलं? बिल रसेलला, ज्याची सरासरी विसाच्याही आत होती. रोज रात्री त्या दोघांशी अंगाला अंग लावून खेळणाऱ्या माणसांनी पन्नास गुणांपेक्षा वीस गुण मोठे ठरवले. का ठरवले, याचं उत्तर कोणत्याही रकान्यात नाही, आणि माझं मत रसेलला आहे ते याच उत्तरासाठी.

रसेल काय करायचा ते ज्यांनी त्याच्या जुन्या, थरथरत्या फिल्म पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी लिहिते. तो ब्लॉक करायचा. पण चेंडू तडाखा देऊन प्रेक्षकांत भिरकावून देत नसे. तसं केलं की टाळ्या मिळतात आणि चेंडू परत समोरच्याच टीमला मिळतो. रसेल तो हलक्या हाताने वर टोलवायचा, कोर्टाच्या आतच, आपल्या माणसाच्या बाजूला, आणि बोस्टनची टीम त्याच क्षणी दुसऱ्या टोकाकडे सुटलेली असायची. समोरच्याचा शॉट आणि आपला ले-अप यांत चार सेकंद. स्टॅण्डमध्ये गेलेला ब्लॉक आणि हा ब्लॉक यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, पण हिशेबात दोन्ही एकच. एकच तरी कुठे? एनबीएने ब्लॉक आणि स्टील मोजायला सुरुवात केली १९७३-७४ मध्ये. रसेल निवृत्त झाला १९६९ ला. म्हणजे ज्या कामात या माणसाचा हात कोणी धरू शकला नाही, त्याचा अधिकृत आकडा आहे शून्य. आणखी एक भाग तर कधीच मोजला जाणार नाही: रसेल आत उभा आहे हे बघून जे शॉट लोकांनी घेतलेच नाहीत.

मग काय मोजायचं? आधीचं आणि नंतरचं मोजा. रसेल येण्याआधी बोस्टनने एकदाही विजेतेपद जिंकलं नव्हतं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेऊन तो डिसेंबरात संघात आला, आणि त्याच मोसमात बोस्टन जिंकलं. पुढे तेरा मोसमांत अकरा विजेतेपदं. १९५८ ला अंतिम फेरीत त्याचा घोटा दुखावला आणि ती गेली. १९६७ ला चेंबरलेनच्या फिलाडेल्फियाने हरवलं. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली असे दहा सामने तो खेळला, दहाही जिंकला. त्यातल्या १९६२ च्या अंतिम फेरीतल्या सामन्यात त्याचे ३० गुण आणि ४० रिबाऊंड. शेवटची दोन विजेतेपदं तर स्वतःच कोच असताना. एनबीएतला तो पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच. तो निवृत्त झाल्यावर पुढच्याच मोसमात बोस्टन ३४ जिंकलं आणि ४८ हरलं. बाद फेरीतसुद्धा गेलं नाही.

अंतिम फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार जॉर्डनकडे सहा आहेत ना, रसेलकडे एकही नाही. तो पुरस्कार सुरूच झाला १९६९ ला, रसेलच्या शेवटच्या वर्षी, आणि त्या वर्षी तो मिळाला हरलेल्या लेकर्सच्या जेरी वेस्टला. आज त्याच पुरस्काराला रसेलचं नाव आहे.

तुमचे आक्षेप मला पाठ आहेत. आठ-नऊच तर संघ होते. बरोबर, आणि म्हणूनच त्यात जागा मिळणं कठीण; शिवाय एका संघात कृष्णवर्णीय किती घ्यायचे याची अलिखित मर्यादा असायची. १९६१ साली केंटकीतल्या लेक्सिंग्टनमध्ये त्याला आणि त्याच्या सोबत्यांना कॉफी शॉपने वाढायला नकार दिला, तेव्हा ते प्रदर्शनी सामना न खेळता विमानाने परत गेले. हे सगळं अंगावर घेऊन तो अकरा वेळा जिंकला. दुसरा आक्षेप, त्याला शूटिंग येत नव्हतं. हेही खरं. फ्री थ्रो ५६ टक्के! आपल्या मुलींच्या टीममध्ये असता तर सरावानंतर पन्नास जास्तीचे मारायला लावले असते. तिसरा, त्याच्याबरोबर कूझी, सॅम जोन्स, हॅवलिचेक होते, कोच रेड अवरबाख होता. यात दम आहे, मी नाकारत नाही. पण जॉर्डनलाही साथीला पिपेन आणि कोच म्हणून फिल जॅक्सन आल्यावरच विजेतेपद मिळालं. कूझी तर रसेलच्या आधीपासून होता, तेव्हा कुठे जिंकले?

तुम्ही सगळे मूळचे क्रिकेटवाले, म्हणून एक आपलं उदाहरण देते. एकनाथ सोलकर. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माणसाचा मुलगा. २७ कसोटींत ५३ झेल, बहुतेक फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हेल्मेटशिवाय. स्कोअरबुकात बळी लागला बेदी, प्रसन्ना, वेंकट, चंद्रा यांच्या नावावर. सोलकर तिथे वाकून उभा असल्यामुळे फलंदाजाने जी बॅट पुढे काढलीच नाही, त्याला खूण नाही. सोलकरची फलंदाजीची सरासरी पंचविशीतली आहे म्हणून शिवाजी पार्कात कोणी त्याला कमी लेखलं तर तुम्ही ऐकून घ्याल? मग रसेलच्या पंधराच्या सरासरीला का हसता?

पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. ती खेळ बघतात फोनवर, तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांत, आणि त्यात असतो फक्त डंक नाहीतर मध्यरेषेवरून मारलेला थ्री. २०१९ च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स आले होते, भारतातले एनबीएचे पहिलेच सामने. पहिल्या दिवशी सगळं स्टेडियम शाळकरी मुलांनी भरलेलं. पेसर्स जादा वेळेत १३२-१३१ ने जिंकले. एका गुणाने! म्हणजे त्या सामन्यातला प्रत्येक अडवलेला पास, प्रत्येक धरलेला रिबाऊंड निर्णायक होता. आपल्याकडच्या ज्या मुलांनी तो पाहिला त्यांना विचारा काय आठवतं. डंक आठवतात. लेब्रॉनचंही बघा: २०१६ च्या सातव्या सामन्यातलं त्याचं काय आठवतं? त्याने मारलेला एकही बास्केट नाही. गोल्डन स्टेटच्या इग्वाडालाच्या मागून धावत येऊन चेंडू बोर्डावर चिकटवला, तो ब्लॉक. रसेलचंच काम, फरक इतकाच की आता ते कॅमेऱ्यात सापडतं.

तुमच्या दोन्ही रकान्यांतल्या माणसांना रसेलचं वावडं नाही, हेही नोंदवून ठेवा. रसेल २०२२ मध्ये गेला तेव्हा त्याचा ६ नंबर साऱ्या लीगमधून निवृत्त करण्यात आला. लेब्रॉन त्या वेळी ६ नंबरच घालत होता, त्याला तो ठेवायची मुभा होती. एक मोसम खेळून त्याने रसेलच्या आदराखातर तो सोडला आणि पुन्हा २३ घेतला.

आता एक गोष्ट जी कार्यकारिणीत कोणाच्याच डोक्यात आली नाही. कागदावर बाई नाही. अमेरिकेच्या डायना तौरासीने २००४ ते २०२४ सहा ऑलिंपिक सुवर्णपदकं घेतली, सलग. सहा, जॉर्डनच्या विजेतेपदांइतकीच. संध्याकाळी साडेपाचच्या बॅचला आपल्याकडे मुलांपेक्षा मुली जास्त असतात. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताच्या संघाचं नेतृत्व केलं, हे त्यांतल्या किती जणींना आपण सांगितलंय? तुम्ही ‘सर्वश्रेष्ठ खेळाडू’ म्हणता, तर मग ‘पुरुषांमधला’ असं लिहा नाहीतर कागद बदला.

आणि भिंतीची मागची बाजू, जी रस्त्याकडे आहे, ती कोरीच राहणार आहे असं ऐकते. तिथे अब्बास मुंतसिर काढा. नागपाड्याचा माणूस, भारताचा कर्णधार, १९७० चा अर्जुन पुरस्कार. त्यांची कीर्ती आकड्यांच्या तक्त्यांतून आलेली नाही, नागपाड्याच्या कोर्टांवर एकाने दुसऱ्याला सांगत आलेली आहे. तिथे आजही टेबल लावून बसलं की शेजारी कोणीतरी जुना माणूस येऊन त्यांच्या पासेसबद्दल बोलायला लागतो आणि माझी एखादी रेघ मारायची राहते की काय अशी धास्ती वाटते.

माझं मागणं एवढंच. तो दोन रकान्यांचा कागद काढा. त्याजागी कोरा कागद लावा, ज्याला जे नाव लिहायचं ते लिहू दे, फक्त नावापुढे कारणाची एक ओळ सक्तीची करा. ‘सहा रिंग’ (म्हणजे सहा विजेतेपदं) किंवा ‘चाळीस हजार’ हे कारण धरू नका, तो आकडा झाला. करीवाल्या पोरांनाही लिहू द्या. त्यांनी ‘त्याच्यामुळे सगळे लांबून मारायला शिकले’ असं लिहिलं तर ते जॉर्डनवाल्यांच्या निम्म्या कारणांपेक्षा सरस असेल. आणि रंगकाम मेअखेर उरकायची घाई नको. त्या भिंतीवर पाऊस सरळ आदळतो, जुलैत पोपडे निघतील. दिवाळीनंतर रंगवा, तोवर वाद घालायला वेळही मिळेल.

त्यातून रसेलचं नाव निघालंच, तर चित्रकाराला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. रसेल डावखुरा होता. उजवा हात वर करून काढलात तर मी टेबलावरून उठून येईन. आणि चेंडू भिंतीच्या कडेबाहेर जाताना दाखवू नका. तो कोर्टाच्या आतच हवा, बोस्टनच्या खेळाडूच्या हाताच्या थोडा वर.

कळावे, लोभ असावा.

आपली,
टेबलावरची स्कोअरर